मैनेची मोटारसायकल

गाडी विकताना सर्जेराव माझ्याशी सगळं खरं बोलला, तिथेच मला पहिला संशय आला.

जुनी मोटारसायकल विकणारा माणूस कसा असावा? "डॉक्टरांची गाडी हाय, दवाखाना ते घर एवढीच फिरलीया" असं छातीवर हात ठेवून सांगणारा असावा. हा पठ्ठ्या आमच्या बिल्डिंगच्या फाटकात उभा राहून म्हणाला, "सर, फुडचा ब्रेक नीट लागत न्हाय. मागचा टायर गुळगुळीत झालाय. आन् सायलेन्सरमधली पुंगळी मी काढून टाकलीया, त्येनं आवाज लई येतोय. इंजिन तेवढं एक नंबर हाय. पटलं तर घ्या."

(पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या पोटातली आवाज दाबणारी नळी. कोल्हापुरात ती काढल्याशिवाय कित्येकांना गाडी चालू झाल्यासारखी वाटतच नाही!)

सर्जेरावाचा गंगावेशीत गोठा होता, चार म्हशी होत्या. दूध घालायला त्याने विजेवर चालणारी नवी स्कूटर घेतली होती, म्हणून ही गाडी विकायला काढली होती. कारण सरळ होतं. पण मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पानं मोजून घेण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. सरळ कारण दिसलं की मला पान फाटल्याचा वास येतो.

तरीही दसऱ्याला मी ती गाडी घेतली, कारण बावन्न वर्षांच्या आयुष्यात ती माझी पहिली मोटारसायकल होती. बायकोने, म्हणजे मंगलने, आधीच निकाल देऊन ठेवला होता. "एकदाच घ्या. आपटली, बिघडली, चोरीला गेली, काय बी झालं तरी दुसरी मिळणार न्हाय. मग रिटायर होस्तोवर सिटी बस!" तेव्हा ही गाडी टिकवायची, एवढं एकच ध्येय घेऊन मी राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला इस्माईलभाईच्या गॅरेजवर गेलो.

"इस्माईलभाई, जुनी गाडी आहे. पहिल्यांदा काय काय नवीन बसवायचं?"

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "आधी ब्रेक. मग टायर. मग बाकीची हौस."

ब्रेक! सर्जेराव पण ब्रेकच म्हणाला होता. दोघांचं एकमत, म्हणजे दोघांचं संगनमत! गंगावेशीत गाडी विकायची आणि राजारामपुरीत ब्रेक विकायचा, असा हा धंदा असणार. मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि मान डोलवत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यापलीकडे सर्जेराव उभा! आपल्या बिनआवाजी स्कूटरवर बसून माझ्या गाडीकडे एकटक बघत होता. मुलीला सासरी धाडलेला बाप बघतो, तसं बघत होता.

"मंगल! तो गाडी उचलायला आलाय. विकताना एक किल्ली त्यानं ठेवून घेतली असणार!"

"दोन दिल्यात की त्येनं."

"मूळच्या तीन असतील!"

त्याच दिवशी मी गाडीला पहिली नवीन वस्तू घेतली. साखळी! मनगटाएवढी जाड. त्या साखळीने मी गाडी फाटकाच्या खांबाला जखडून टाकली. दुसऱ्या दिवशी सर्जेराव परत आला, म्हणून पुढच्या चाकाला पिवळं डिस्क लॉक घेतलं. तिसऱ्या दिवशी तो आला आणि "राम राम" पण म्हणाला, तेव्हा अलार्म बसवला. हा अलार्म गाडीवर मांजर बसलं तरी वाजायचा, तळमजल्यावर मिक्सर लावला तरी वाजायचा. एका दुपारी तर शेजारचे निवृत्त मास्तर नुसते शिंकले आणि तो दहा मिनिटं बोंबलत राहिला.

"ब्रेक बशीवला काय?" इस्माईलभाईने जाता-येता विचारलं.

"गाडी राहिली तर ब्रेक लावायचा ना!" मी म्हणालो. माझ्या मते हे बिनतोड उत्तर होतं.

पण सर्जेराव काही हटेना. उलट त्याने पुढचं पाऊल उचललं. मी सकाळी गाडी चालू केली की तो जवळ यायचा आणि मोबाईल पुढे धरायचा. फोटो काढत असेल म्हणावं, तर मोबाईल नंबरप्लेटकडे नाही, थेट सायलेन्सरपाशी!

"काय पायजे?" एक दिवस मी दरडावलं.

"काय न्हाय सर. चाललं हुतं हिकडनं."

गंगावेस कुठे आणि राजारामपुरी कुठे! ऐन धारा काढायच्या वेळी चार म्हशी सोडून हा माणूस रोज अर्धं कोल्हापूर ओलांडून 'हिकडनं' चालला होता. मंगल म्हणाली, "चोर काय रोज राम राम घालून जातोय व्हय?" मी म्हणालो, "साळसूद चोर असाच असतो." आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाज! त्या भडभडणाऱ्या आवाजावरून गाडी कुठे चाललीय, कुठे लावलीय, हे त्याला गावाच्या दुसऱ्या टोकावरून कळत असणार. तो आवाज पाठ करत होता!

मी तडक गॅरेजवर गेलो. "इस्माईलभाई, पुंगळी बसवा."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "काढायची म्हणा."

"बसवायची."

"सर, चाळीस वर्सं ह्या धंद्यात हाय मी. पोरं पुंगळी काढायलाच येत्यात. बसवायला आलेलं पयलं गिऱ्हाईक तुमी. ब्रेक ऱ्हाऊ दे म्हणता आन् पुंगळी बसवा म्हणता... घरात सगळं बरं हाय न्हवं?"

पुंगळी बसली. गाडी इतकी मुकी झाली की माझ्या वाचनालयातून फिरवली असती तरी कुणी मान वर केली नसती. मी खूश होऊन दुसऱ्या सकाळी साखळी सोडली आणि गाडी चालू केली. सर्जेराव मोबाईल घेऊन पुढे झाला, त्याने कान दिला आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"सर, ह्ये काय केलासा?"

"पुंगळी बसवली," मी विजयी स्वरात म्हणालो.

"अवो, घात केलासा की माझा!" असं म्हणून तो वळला आणि स्कूटर सुरू करून निघाला.

कबुली! भर रस्त्यात, सकाळी सात वाजता, साक्षीदारांसमोर कबुली! "पळाला! चोर पळाला!" असं ओरडत मी गिअर टाकला, मूठ पिळली आणि त्याच्या मागे झेपावलो. साखळी सोडली होती, अलार्म बंद केला होता. पिवळं डिस्क लॉक मात्र चाकालाच होतं.

चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. मी नाही थांबलो. मी हँडलवरून पुढे गेलो आणि मास्तरांच्या झेंडूच्या कुंड्यांत आडवा झालो. सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. मास्तरांनी आधी कुंड्या मोजल्या, मग माझी चौकशी केली.

मला उठवायला सर्वांत आधी कोण धावून आलं असेल? चोर! त्याने मला वर घेतलं, माझे गुडघे झटकले आणि गाडीही उभी केली. मंगलने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि मग तो खाली मान घालून बोलायला लागला.

"मैना पान्हा सोडंना, सर."

"कोण मैना?"

"म्हस माझी. सात वर्सं ह्या गाडीच्या आवाजावर धार दिलीया तिनं. गाडी गल्लीत वळली की हंबरायची, पेंड आली म्हणून. आता ह्या नव्या स्कूटरला आवाजच न्हाय. मी म्होरं जाऊन हुबारलो तर माझ्याकडं बघतच न्हाय ती. माझ्या मागं बघती, गाडी कुटं हाय म्हणून. दूध निम्म्यावर आलंया. म्हणून मोबाईलात आवाज भरून न्हेला आन् तिला ऐकवला."

"मग?"

"लाथ घातली मोबाईलला. खोटं वळकती ती. आणिक जवळनं भरावा म्हणून रोज यीत हुतो."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? म्हशीला गाडीची आठवण येती म्हणून? तुमी शिकलेली माणसं. हसला असतासा."

मंगलने डोळ्यांना पदर लावला. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पंधरा दिवस एक भला माणूस आपल्या म्हशीसाठी माझ्या दारात ताटकळत होता आणि मी त्याच्यासाठी साखळ्या विकत घेत होतो! माझी लाज पूर्ण एक मिनिट टिकली. मग वाटलं, हा आता गाडी परत मागणार. "आवाज पाहिजे ना? देतो," मी म्हणालो, "पण गाडी मी स्वतः चालवत आणणार. किल्ली कुणाच्या हातात देणार नाही!"

डिस्क लॉकने पुढच्या ब्रेकची चकती वाकवून ठेवली होती, त्यामुळे नवा ब्रेक बसवणं भागच पडलं. इस्माईलभाईने न विचारता मागचा टायरही बदलला आणि पुंगळी काढून माझ्या हातावर ठेवली.

आम्ही गंगावेशीत गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि गोठ्यातून असा काही हंबरडा आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. काळीभोर, धिप्पाड मैना दाव्याला ताण देऊन कान टवकारून उभी होती. सर्जेराव चरवी घेऊन खाली बसला. "सर, मूठ तशीच धरा. वाढवू नका, कमी करू नका." दहा मिनिटं मी मूठ धरून बसलो आणि चरवी फेसाने भरत गेली. सर्जेरावाने डोळे पुसले. मीही पुसले (माझ्या बाबतीत त्यात धुराचाही वाटा होता). दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी गोठ्यावर हजर राहू लागलो. कॉलेजात मी इतका वेळेवर कधी गेलो नव्हतो.

अशात दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात, त्यांची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांचे पट्टे बांधतात. मग मालक पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्या मागे पळत, असा थाट असतो. शर्यत लागते, बघायला ही गर्दी!

"सर, आजच्या दिवस किल्ली द्या की. मैना पळवतो," सर्जेराव म्हणाला.

किल्ली! माझा संशय फणा काढून उभा राहिला. हे सगळं रामायण या एका किल्लीसाठीच तर नव्हतं? एकदा का तो गाडी घेऊन गर्दीत घुसला...

"गाडी मीच चालवणार!"

"तुमी? म्हशीम्होरं?"

"मीच!"

मंगलने कपाळावर हात मारला. हलगी कडाडली आणि मी निघालो. आरशात पाहिलं, तर नुसती शिंगं! मूठ पिळली की मैनाही वेग घ्यायची, सोडली की तिचा श्वास माझ्या पाठीला लागायचा. लोक शिट्ट्या मारत होते. कुणीतरी ओरडलं, "आयला, ह्यो बाबा म्हशीला पळवतोय का म्हस बाबाला?" शेवटच्या रेषेपाशी मी ब्रेक दाबला. नवा ब्रेक, गाडी जागच्या जागी थांबली! मैनेला मात्र ब्रेक बसवलेला नव्हता. मी गाडीसकट वैरणीच्या ढिगात गेलो. मैना आली, माझ्याकडे ढुंकूनही न बघता तिने सायलेन्सर हुंगला आणि तिथेच शांत रवंथ करत उभी राहिली. पहिला नंबर तिचा आला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मंगलचं माहेर कोडोलीला. ब्रेक नवा, टायर नवा, म्हणून ती पहिल्यांदाच माझ्या मागे बसायला तयार झाली. वाट गंगावेशीतूनच जाते. निघताना सर्जेरावाचा फोन आला. "सर, गोठ्याम्होरं गाडी बंद करून ढकलत न्ह्या. न्हाईतर मैना दावं तोडून कोडोलीपतोर येती बघा!"

म्हणून गोठ्याच्या अलीकडे मंगल उतरून पुढे चालू लागली. मी इंजिन बंद केलं आणि पावलांचा आवाज न करता, पुन्हा पुन्हा गोठ्याकडे बघत गाडी ढकलायला लागलो.

कट्ट्यावर बसलेला एक म्हातारा उठला. रोज सकाळी कानटोपीत आणि पाडव्याला फेट्यात दिसलेला मी भाऊबीजेच्या झब्ब्यात त्याला ओळखूच आलो नाही. "ओ पावणं! कुणाची गाडी ढकलत निघालाय?"

"माझीच आहे," मी कुजबुजलो.

"कुजबुजताय कशापायी? ही सर्जाची गाडी हाय. समदी गल्ली वळकती हिला!"

चार माणसं जमली. "तुमची हाय तर चालू करून दावा की!"

चालू केली असती, तर मैना आलीच असती. मी ओठांवर बोट ठेवलं, घाम पुसला, परत एकदा गोठ्याकडे पाहिलं. चार माणसांची दहा झाली. मी केविलवाणा होऊन हाक मारली, "मंगल, सांग की जरा यांना, मी कोण आहे ते!"

मंगल थांबली, वळली. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि पदर सारखा करत त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "मी न्हाय बा वळखत ह्यास्नी."

म्हाताऱ्याने माझा दंड धरला. त्याच्या जागी मी असतो, तर या इसमाला मीसुद्धा सोडलं नसतं!