काकांची कोठी

"दरसाल पाकीट घ्यायचं, तं मंग आपलं काय राह्यलं?"

हे म्हणताना काका अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायचे, चिमटीत बी धरून पाहावं तसे. बोलणं सिनेमांबद्दल असायचं. महिन्याच्या महिन्याला पैसे भरा, थांबलात की पडदा काळा, हा धंदा त्यांना मान्य नव्हता. आणि हे ते सांगायचे पिंपळगाव राजाच्या बाजारात, आपल्याच कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून, बीटी कपाशीची पाकिटं विकता विकता. ती पाकिटंही दरसाल नवीच घ्यावी लागतात, घरची सरकी पेरून भागत नाही. दुकानात एक धर्म आणि घरात दुसरा, असा माणूस तुमच्याही बाजारात असेलच.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या शेजारी आणि घर त्यांच्याच गल्लीत. एके दिवशी ते पोतंभर सीड्या घेऊन आले. विकत घेतलेले जुने सिनेमे, गावातली कीर्तनं, शंकरपटात धावलेल्या बैलजोड्या, गल्लीतली लग्नं.

"भाऊ, हे सारं एका जागी भर. अन् टीव्हीवर दिसलं पाह्यजे. घरचं बियाणं हाय हे."

मी एक जुना कॉम्प्युटर काढला. त्यात दोन हार्डडिस्क बसवल्या, एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत राहावं म्हणून. फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, गच्चीवर राउटर लावला. लाईट जाऊन आली की राउटर त्या मशीनला नवाच पत्ता द्यायचा आणि टीव्हीला ती सापडायची नाही, म्हणून पत्ता कायमचा ठरवून टाकला. जुन्या टीव्हींना काही सिनेमे झेपायचे नाहीत. बोळक्या म्हाताऱ्याला पोळी कुस्करून द्यावी तसं मशीन त्यांना ते बारीक करून द्यायचं. टीव्हीवर नाव काय ठेवू, असं विचारलं तर काका म्हणाले, "कोठी."

नावापर्यंत ठीक होतं. आठवड्याच्या आत मशीन बंद पडलं. जाऊन पाहतो तर काकांनी ते खरोखरच धान्याच्या पत्र्याच्या कोठीत ठेवून वर झाकण लावलेलं, आणि भोवती कडुनिंबाचा वाळला पाला. हात भाजेल इतकं तापलं होतं.

"काका, याला वारा लागतो."

"अन् उंदीर लागले तं?"

शेवटी जाळीच्या कपाटावर तोडगा निघाला. पाला मात्र त्यांनी काढू दिला नाही.

गच्चीवरचा राउटर गल्लीभर पोचायचा. मागेल त्याला काकांनी कोठी जोडून द्यायला लावली. संध्याकाळी सगळे त्यांच्या ओट्यावर जमायचे, काकू चहा टाकायच्या आणि कोणती जोडी पटात खरी पहिली आली यावर भांडणं व्हायची. काकांना पिच्चरपेक्षा ही भांडणं प्यारी होती, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. कंपनीच्या माणसानं काकांना जे पढवलं होतं तेच काकांनी गल्ल्यावरून सगळ्यांना सांगितलं होतं, "बोंडअळीची फवारनी विसरून जा." बोंडं फोडली तर आत अळ्या. काकांच्या स्वतःच्या वावरातही तेच झालं होतं, पण ते पाहायला कोण जातो? त्यांच्या समोरच राहणाऱ्या सुखदेवनं त्यांना भर बाजारात सुनावलं, "काका, पाकिटावरचं वाचून नाई पेरलं म्या. तुमच्या तोंडाकडं पाहून पेरलं."

त्या दिवसापासून ओट्यावर कोणी फिरकेना. सुखदेव तर त्यांना पाहिलं की मान फिरवायचा.

आता गंमत ऐका. कोठीवर कोण काय पाहतंय, ते काकांच्या मोबाईलवर दिसायचं. अबोला धरलेली अख्खी गल्ली रोज संध्याकाळी त्यांचेच पिच्चर पाहत होती! सुखदेवच्या घरी तर कीर्तनात खंड नाही. मला राग आला.

"काका, सगळ्यांचं बंद करून टाकू?"

"काऊन बे? अबोला माह्यासंगं हाय. पिच्चरसंगं नाई."

हे ते हसून म्हणाले खरे, पण नजर रिकाम्या ओट्याकडं होती. मला फार वाईट वाटलं.

पुढं एकदा लाईट बराच वेळ गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली आणि कोठी बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेव काकांच्या ओट्यासमोर रस्त्यात उभा.

"ते कोठी लागून नाई राह्यली," तो विजेच्या खांबाकडं पाहत म्हणाला.

"बस. पाह्यतो."

एक बटण दाबायचं काम. काकांनी ते चहा उकळून, गाळून, सुखदेवच्या हातात कप जाईपर्यंत पुरवलं. सुखदेव बसला. कपाशीचा विषय दोघांनीही काढला नाही. तो गेल्यावर काका माझ्या दुकानात आले.

"भाऊ, हे बंद कसं पाडाचं, ते शिकव."

मी कपाळावर हात मारला आणि शिकवलं. तेव्हापासून कोठीला खोड लागली. कीर्तन रंगात आलं की बंद. बैलजोडी शेवटच्या रेषेजवळ पोचली की बंद. सकाळी एकेक जण तक्रार घेऊन यायचा आणि चहा पिऊन जायचा. गल्लीला कळत नव्हतं असं समजू नका. सुखदेव मला म्हणायचा, "म्हाताऱ्यानं बटन दाबलं वाटते," आणि अंगात सदरा चढवून तक्रारीला निघायचा.

काका पेरणीच्या तोंडावर गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि दारातच बसले, ते उठलेच नाहीत. खांदा द्यायला सुखदेव पुढं होता.

कोठी चालूच आहे. आता ती एकदाही बंद पडत नाही. चांगलं मशीन आहे, मीच बसवलेलं. कीर्तन शेवटपर्यंत चालतं, बैल रेषा ओलांडतात आणि सकाळी त्या ओट्यावर कोणी येत नाही.

परवा सुखदेव माझ्या दुकानात आला. बराच वेळ उगाच वायरी चाळवत उभा राहिला.

"भाऊ, ते मधातच बंद पाडता येते काय?"

"येते. काऊन?"

"काकू एकटीच बसून राह्यते. बिनाकामाचं कसं जावं माणसानं?"

मी मोबाईल काढला आणि कोठी बंद केली. सुखदेव सदऱ्याची बटणं लावत तक्रार करायला निघाला.