शर्माजींच्या छतावरचा मांजा

जयपूरची संक्रांत, ऊन उतरत आलेलं. मानसरोवर वस्तीतल्या एका छतावर शर्माजी पतंगाला ढील देत होते आणि मी तिळगुळाचा डबा हातात धरून, पतंग खाली उतरवा म्हणून त्यांना विनवत होते.

गल्लीच्या टोकाला निलगिरीची उंच झाडं होती. त्यांवर फळं खाणारी मोठी वटवाघळं दिवसभर उलटी टांगून झोपत. मी विद्यापीठात त्यांच्यावरच काम करायची. जानेवारीत बहुतेक माद्या गाभण असतात. वर्षाला एकच पिल्लू. अंधारू लागलं की त्या खाण्यासाठी उडतात, आणि संक्रांतीला नेमका तेव्हाच आभाळभर मांजा असतो. मांजाला काच लावलेली, पंखाची कातडी पातळ. ती चिरली की मादीही गेली आणि पोटातलं पिल्लूही.

त्या निघणार कुठून, हे आमच्या मॉडेलनं सांगितलं होतं. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेला अंदाज. फळझाडं कुठं, पाणी कुठं, दिवे कुठं हे त्यात भरायचं; रस्ता बाहेर येतो. उत्तर आलं होतं : याच गल्लीवरून, शहराबाहेरच्या बगरू गावाच्या दिशेला.

मी लोकांना पतंग उतरवायला सांगणार, हे विभागप्रमुखांना पसंत नव्हतं. “आपण निरीक्षण करायचं, ढवळाढवळ नाही. पतंग उतरवलेत तर डेटा खराब होईल.”

“नाही उतरवले तर माद्या मरतील, सर.”

“मग रिसर्च पेपरात काय लिहिणार?”

“ते उद्या बघू,” म्हटलं आणि निघाले.

शर्माजी सज्जन माणूस, पण पतंगाच्या बाबतीत हट्टी. “मॅडम, जयपुर में पतंग उतारते नहीं. या काटते हैं, या कटवाते हैं.” माझा चेहरा पाहून ते विरघळले. “चलिए, आपके लिए छोड़ देता हूँ,” म्हणत त्यांनी दोरा तोडायला दातांत धरला.

तुटलेला मांजा वाऱ्यानं थेट निलगिरीवर जाऊन अडकला असता. “तोडिए मत!” मी ओरडलेच. “लपेटिए. वहाँ सब माँ बननेवाली हैं.”

शर्माजींच्या मागे त्यांच्या पत्नी मांजा गुंडाळायची चरखी धरून उभ्या होत्या. दुपारभर त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं, मीसुद्धा.

“मतलब, पेट से हैं?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या चरखी फिरवू लागल्या. शर्माजींच्या हातातून दोरा सरसर मागे जाऊ लागला. ते “अरे, अरे” करत राहिले. मग शर्माबाईंनी कठड्याशी जाऊन शेजारच्या छतावरच्या चरखीवालीला हाक मारली, तिनं तिच्या पुढचीला. एकेक पतंग खाली येत गेला. कुणीतरी छतावरच्या स्पीकरची गाणीही बंद केली. आमच्या गल्लीवरचं आभाळ रिकामं झालं, फिकट जांभळं, आणि इतकं शांत की मला आपण जयपुरात आहोत हेच खरं वाटेना.

मग त्या आल्या. सावकाश, जड पंखांनी, आमच्या डोक्यावरून. पंखांचा आवाज ऐकू येत होता. शर्माबाई पदर सावरून नुसत्या वर बघत होत्या. माझे डोळे भरून आले होते. शेवटची दिसेनाशी होईपर्यंत कुणीही जागचं हललं नाही.

सकाळी निलगिरीखाली एकही मादी पडलेली नव्हती. त्या संध्याकाळचा डेटा सरांनी पेपरातून काढायला लावला, मी काढला.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा तिळगूळ घेऊन गेले. या वेळी पतंग उडवणाऱ्यांशी बोलण्यात वेळ घालवला नाही; डबा थेट चरखीवालींपुढे धरला.