नांदेडला पेपर तपासायला

लातुरात माझा चेहरा चौकाचौकात टांगलेला असतो. निकाल लागला की क्लासवाले फ्लेक्स छापतात आणि गुणवंतांच्या रांगेखाली जीवशास्त्राच्या मॅडम म्हणून मी, ओठ मिटून हसणारी. अशा गावात टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्याची पायरी चढले असते, तर दुसऱ्या दिवशी फळ्याकडे तोंड करूनच शिकवावं लागलं असतं. म्हणून आम्ही नवरा-बायकोनं नांदेड गाठलं. घरी सांगितलं, पेपर तपासायला बोलावलंय. सासूबाई दर खेपेला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या.

"लई पेपर असतेत का गं?"

"लई असतात, आई."

मुलगी झाली आणि पेपर संपले. दोन गर्भ मात्र तिथल्या थंड टाकीत गोठवलेले राहिले. मी त्यांना विसरले होते म्हणणं खोटं होईल. नवऱ्यानं विषय काढला की मी उठून जायचे. वर्गात याच विषयावर जीभ कशी सुरेख चालायची! प्रयोगशाळेत मानवी गर्भ किती दिवस वाढवू देतात, का थांबवतात, सगळं तोंडपाठ. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे गर्भ देतं कोण?" "देतात लोक," म्हणाले आणि पान उलटलं.

मग नवा कायदा आला. दवाखान्याला परवाना हवा तर टाकीतल्या प्रत्येक गर्भाची माहिती वर कळवणं भाग होतं. आम्हाला फोन आला: ठेवायचे, नष्ट करायचे, की संशोधनाला द्यायचे? द्यायचे तर नोंदणी असलेल्या संस्थेलाच, पैसे न घेता, नवरा-बायको दोघांच्या सहीनं, आणि साक्षीदार दवाखान्याबाहेरचा. द्यायचं ठरायला वेळ लागला नाही. घोडं अडलं साक्षीदारापाशी. नांदेडात आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून तर नांदेड निवडलं होतं.

शेवटी नवऱ्यानं आईला सगळं सांगून टाकलं. त्या तूर निवडत होत्या. भूकंपात त्यांची दोन लेकरं गेली. माझा नवरा आजोळी होता म्हणून वाचला. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आधीच झालेली. ती उलटवून घेतली, तेव्हा कुठे माझी नणंद झाली. हे मला ठाऊक होतं. त्या दवाखान्यात कशा गेल्या, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"जीपभर बाया गेलतो आमी," त्या म्हणाल्या. "घरं पडलेली, पत्र्याच्या शेडात ऱ्हायचो, लपवायला भिंत कुठं होती? कुणाचं जमलं, कुणाचं न्हाई, समद्याला ठाऊक." तुरीतला खडा वेचून टाकत म्हणाल्या, "मी न्हाई म्हणले असते का गं तुला?"

मला इतकी शरम वाटली की मीही तूर निवडायला बसले.

"ते दोन दिले, तर कुणाचं तरी जमंल का त्यानं?"

"कदाचित. पुढं कधीतरी."

"मग चला. माझ्यासमोर करा सही."

नांदेडला समुपदेशक बाईंनी सगळं मराठीतून वाचून दाखवलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "टाकून तर देणार न्हाईत ना कुठं?" कशासाठी वापरले ते संस्थेला वर कळवावंच लागतं, असं बाईंनी सांगितल्यावर त्यांनी अक्षर अक्षर जोडत सही केली. नातं काय लिहू, असं विचारल्यावर म्हणाल्या, "आजी लिवा."

बाहेर बाकावर माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बसले होते, लातूरचे डाळमिलवाले. शेजारी त्यांची मोठी लेक.

"मॅडम, तुमी इथं? हिला घेऊन आलोय. लग्नाला लई वर्षं झाली, लेकरू न्हाई. चांगला हाय का वो हा दवाखाना?"

किती सरळ विचारलं त्यांनी! लेकीनंही मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला एका होकाराची गरज होती.

"मला काही कल्पना नाही," मी म्हणाले. "मी पेपर तपासायला आलेय."

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, पेपर! लेकीनं पदर पुढं ओढून घेतला. सासूबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"चांगला हाय, बाई," त्या म्हणाल्या. "माझी नात इथलीच."

मी जिन्याकडे तोंड करून उभी होते.