सुना पडलेला ओटा

दादासाहेब गेल्याची बातमी नाल्याच्या पलीकडून आली. आषाढातला पूर होता. एस.टी. पल्याडच थांबली आणि कंडक्टरनं दोन्ही हात तोंडाशी धरून मला आरोळी दिली, "नामदेवराव, तुमचे आमदार गेले हो!" मयत त्याच दिवशी मंगरूळपीरला होती. सारं गाव काठावर उभं राहिलं... पाणी काही उतरलं नाही. ज्यानं मतं मागताना या नाल्यावर पूल बांधून देतो म्हटलं, त्याच्या मयतीला त्याचंच गाव जाऊ शकलं नाही. पेपरात त्यांच्यावर पुष्कळ आलं, चांगलंच आलं. हे कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. शाळा चौथीपर्यंतच शिकलो, पण ती चारही वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले, की तोरण तुटायच्या आधी झडती म्हणतात. तिखट दोन ओळी, मग 'हर बोला' अशी हाक, आणि साऱ्या गावानं 'हर हर महादेव' असं उत्तर द्यायचं. आमच्या गावात हा मान माझ्या बापापासून आमचा. दादासाहेब निवडून आले त्या साली ते मारुतीच्या ओट्यावर बसलेले असताना मी म्हटलं,

मत मागाले आला तवा धोतर खोचून आला,
निवडून येताच गडी नाल्यापल्याडून गेला!

लोकांनी धसकून ओट्याकडे पाहिलं. दादासाहेब मात्र टोपी पडेपर्यंत हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढं तिखट काहून रे नामदेवा?"

"गोड पायजे असन त मंगरूळले जा. हार घालनारे लय हायेत तिथं."

"म्हनूनच त इथं आलो ना लेका!"

त्यानंतर एक पोळा त्यांनी चुकवला नाही. जीप पल्याड ठेवून, जोडे हातात घेऊन नाला उतरायचे आणि त्याच ओट्यावर बसायचे. दुष्काळात त्यांनी गावाला खडी फोडायचं काम आणलं, म्हणून आमच्या चुली पेटल्या. ते मी त्यांच्या घरी जाऊन बोललो. झडतीत मात्र पूलच. माणूस मोठा होता आणि पूल झाला नाही. दोन्ही खरं आहे.

शेवटची भेट अकोल्याच्या दवाखान्यात झाली. आवाज पार खोल गेला होता. "औंदा काय म्हनशीन?"

"तुमी या, मंग आयका."

"नाही आलो तरी म्हन... गोड-गोड नोको म्हनू पन."

मी शब्द दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सरपंच गुलाबराव दारात आला. "नामदेवकाका, औंदा झडती बंद. दुखवटा हाये. म्हनसान त तुमची जोडी तोरनाखाली उभी राहू देनार नाही." मी म्हटलं, "नोको राहू देऊ. माही जोडी भायेर उभी राहीन, पन मी बोलीन." घरचे म्हणाले, मेल्या माणसावर कायले बोलता? मी ऐकलं नाही. शब्द मी दिला होता, घरच्यांनी नाही.

दुसऱ्या दिवशी माझी जोडी तोरणाबाहेर एकटी उभी होती. समोर मारुतीचा ओटा रिकामा. मी त्या ओट्याकडेच तोंड केलं आणि म्हटलं,

पूल बांधतो म्हनून वादा केला खोटा,
सर्गात जाऊन बसला गडी, सुना पडला ओटा!

"हर बोला!" म्हटलं, तर कोणी तोंड उघडेना. गुलाबराव माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. आणि मग समोरच्या दारातून बाईमाणसाचा आवाज आला, "हर हर महादेव!" वहिनी होत्या, दादासाहेबांच्या मंडळी. दिवस झाल्यावर गावच्या घरी राहायला आलेल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि हसल्याही. मग साऱ्या पोळ्यानं अशी आरोळी दिली, की बैल बिचकले. माझी जोडी तोरणाखाली कोणी ओढून नेली, ते मला कळलंही नाही.

आता त्यांच्या जागेसाठी नवे उमेदवार येऊ लागलेत. हात जोडतात, पूल बांधतो म्हणतात. मी त्यांना मारुतीचा ओटा दाखवतो. म्हणतो, "पोळ्याले या, जोडे हातात घेऊन या, अन् इथं बसा. मंग पाहू."

अजून कोणी बसून पाहिलं नाही.