मेलेल्यांची हजेरी

दिवाळी संपली की पिस्कॅटवेच्या इंडियन स्टोअरमधल्या झेंडूकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि मी नेमकी तेव्हाच तो घ्यायला जाते. गल्ल्यावरच्या काकू दर वर्षी विचारतात, "अगं, सण तर झाला. आता एवढा झेंडू कशाला?"

"मेलेल्यांसाठी, काकू."

"अगंबाई! काय अभद्र बोलतेस!"

मी इथल्या हायस्कूलमध्ये स्पॅनिश साहित्य शिकवते. नागपूरची पोरगी, पुण्यात स्पॅनिश शिकले, लग्न करून न्यू जर्सीत आले, आणि आता ज्यांच्या घरात ही भाषा जन्मापासून कानावर पडते त्यांच्याच पोरांना त्यांच्या कथा-कविता शिकवते. आहे की नाही गंमत? वर्गातली निम्मी मुलं मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरासकडच्या आईबापांची. उरलेली बरीचशी आपलीच, कॉलेजच्या अर्जावर बरं दिसतं म्हणून आलेली. "बट यू आर इंडियन, राइट?" असं पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतंच. "हो, आणि तू उशिरा आलायस," असं मी स्पॅनिशमध्ये ऐकवते. मग गप्प बसतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिको-ग्वाटेमालाकडे मेलेल्यांची आठवण करायचा सण असतो. आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात टेबल मांडतो, त्यावर कागदाच्या पताका, पाव, मेणबत्त्या आणि माझा झेंडू. ज्याचं माणूस गेलंय त्याने त्याचा फोटो आणायचा. त्याला जोडून मी तिकडचाच आणखी एक रिवाज घेतलाय. एकाने गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि बाकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "प्रेझेंते!" म्हणजे हजर. गेलेला माणूस स्वतः ओ देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण द्यायची.

माझ्या वडिलांचं नाव मी घेते. आम्ही बौद्ध, आणि वडील तर असे पक्के की शुभ-अशुभ हे शब्द त्यांनी घरात येऊच दिले नाहीत. त्यांना हा प्रकार नक्की आवडला असता. परक्या पोरांनी माझ्या बापाच्या नावाला ओ दिली की मला दर वर्षी रडू येतं. मी ते लपवत बसत नाही.

मी सांगतेय त्या वर्षी एका मुलीने आजीचा फोटो आणला. मुलगी ग्वाटेमालाची, लहान असताना आईबापांबरोबर इथे आलेली. वर्गात सगळ्यात छान वाचायची. मला "मायेस्त्रा" म्हणायची, म्हणजे बाई. तिची आजी गावी वारली तेव्हा यांच्यातलं कुणीच जाऊ शकलं नव्हतं, कारण कागद नव्हते. एकदा गेलं की परत येता येत नाही. त्या आजीवर तिने एक कविता लिहिली. आजी कणीस मोडायच्या आधी मक्याच्या ताटाची परवानगी मागायची, एवढंच त्यात होतं. मी ती वाचली आणि स्टाफरूममध्ये जाऊन नाक पुसून आले. एप्रिलमध्ये शाळेत वाचनाचा कार्यक्रम असतो, त्यात ती कविता तिनेच वाचायची असं ठरलं. त्यानंतर जूनमध्ये तिला डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, मिळणार होता. तिच्या घराण्यातला तो पहिलाच. तिच्या आईने म्हणे आत्तापासूनच ड्रेस शिवायला घेतला होता.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांना कामावर जाताना इमिग्रेशनवाल्यांनी रस्त्यातच पकडून नेलं. ते छपरं दुरुस्त करायचे.

ती दुसऱ्या दिवशी वर्गात आली, शेवटपर्यंत बसली आणि सगळे गेल्यावर मला म्हणाली, "मायेस्त्रा, तुम्ही कुणी वकील ओळखता का?"

ओळखते ना! आपल्याकडे प्रत्येक घरात एक इमिग्रेशनचा वकील असतो, नवऱ्याच्या कंपनीचा. मी दुपारीच फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलली आणि शेवटी म्हणाली की असल्या केसेस आम्ही घेत नाही. दुसऱ्या एका संस्थेचा नंबर दिला. तिथे नुसतीच टेप वाजत होती. मी रोज लावला, रोज तीच टेप.

शनिवारी शिकागोजवळच्या शॉमबर्गहून नवऱ्याचे मित्र आले होते. जेवताना मी विषय काढला. सोबत आलेले एक काका ताटातून मान वर न करता म्हणाले, "आपण वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या लाइनीत उभे आहोत. हे लोक लाइन तोडून घुसतात. मग कसं चालेल?"

माझं डोकंच फिरलं. "काका, त्यांना लाइनच नाहीये! उभं कुठे राहणार ते?" मी जवळजवळ ओरडलेच. मग कुणीतरी श्रीखंड कुठल्या दुकानातलं म्हणून विचारलं.

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "यार, तुझं वर्क परमिट माझ्या व्हिसावर आहे. आपलं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं आहे. तू यात पडू नकोस." त्याचं चुकलं होतं असं मला म्हणता येईना. तो वाईट माणूस नाही हो, तो घाबरलेला माणूस आहे. आणि मी काय मोठी झाशीची राणी लागून गेले होते? मीही घाबरलेच होते. शाळेत त्यांचाच इतिहास, त्यांच्याच बंडांच्या कविता हातवारे करून शिकवायच्या, आणि घरी येऊन मूग गिळून बसायचं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मार्चमध्ये ती पुन्हा वर्गानंतर थांबली. वडिलांना परत पाठवलं होतं. आईने ठरवलं होतं की सगळ्यांनीच जायचं. "मायेस्त्रा, जूनपर्यंतचा अभ्यास मी तिथून ऑनलाइन केला तर? डिप्लोमा मिळेल ना?"

मी धावत शाळेच्या काउन्सेलरकडे गेले. तिने कॉम्प्युटरवर शोधलं, वरच्या ऑफिसला फोन केला, खरंच खटपट केली. पण जो गावात राहत नाही तो शाळेचा विद्यार्थी नाही, असा नियम. मी हात जोडले, अगदी आपल्यासारखे. तिचे डोळे भरून आले आणि नियम तिथेच राहिला. हे सगळं त्या मुलीला मलाच सांगावं लागलं. ती "बरं" म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. आणखी काय करणार होते?

सोमवारी ती नव्हती. मी हजेरी घेत होते. कॉम्प्युटरवर तिचं नाव अजून होतं, आणि सवयीने माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "प्रेझेंते." लगेच सगळ्यांनीच म्हटलं. आपली पोरंसुद्धा त्यात होती, ज्यांच्या घरी लाइनीच्या गप्पा चालतात.

"अरे, जिवंत आहे ना ती! जिवंत माणसासाठी असं म्हणतात का रे!" हे मी चक्क मराठीत बोलले. अपशकुन न मानणाऱ्या बापाची लेक मी, आणि गल्ल्यावरच्या काकूंसारखी अभद्र-अभद्र करत होते. आपल्या पोरांपैकी दोघांनाच ते कळलं. त्यातली एक हळूच म्हणाली, "बट काकू, शी कान्ट आन्सर हरसेल्फ." वर्गात मला काकू म्हणायचं नाही असा माझा सक्त नियम आहे. त्या दिवशी मी तो लावला नाही.

तेच तर मी त्यांना शिकवलं होतं. जो ओ देऊ शकत नाही, त्याच्यासाठी आपण द्यायची.

संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते तेव्हा तिचा मेसेज आला. अजून प्रवासातच होती, पण कुणीतरी तिला वर्गातलं सगळं कळवलं होतं. तिने लिहिलं होतं, "मायेस्त्रा, मला खूप बरं वाटलं. तुम्हीपण म्हणालात ना?"

तव्यावरची पोळी जळली.

दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव घेतलं. या वेळी मुद्दाम, मोठ्याने. वर्ग म्हणाला, "प्रेझेंते," आणि त्यांच्याबरोबर मीही म्हणाले, घसा फुटेस्तोवर. पोरं माझ्याकडे बघत राहिली. स्क्रीनवर तिच्या नावापुढची चौकट माझ्यासाठी थांबली होती. ती भरल्याशिवाय पुढचं नाव येत नाही. मी डोळे पुसले आणि त्यात गैरहजर भरलं.