लीलाधर झोपेंचा वेग

सावद्याचे लीलाधर झोपे केळीचे व्यापारी. आडनाव झोपे, पण माणूस कमालीचा घाईचा. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा भटजींना ‘उरलेली घरी म्हणा’ असं सांगणारा. पंच्याण्णव साली त्यांनी जळगावहून कॉम्प्युटर आणला. डब्याच्या तोंडावर हिरव्या दिव्यांत ६६ चमकायचे. हा त्याचा वेग, असं दुकानदाराने सांगितलेलं. लीलाधरभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आकडा दाखवत. पडद्यावर काय आहे हे कुणी विचारत नसे आणि भाऊही सांगत नसत.

मग फैजपूरच्या गिरधरने, त्यांच्या चुलतभावाने, कॉम्प्युटर घेतला. त्याच्यावर ९० होते. भाऊंना जेवण जाईना.

त्यांनी जळगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या अभिमनला बोलावून घेतलं. त्याने डबा उघडला आणि तो हसला.

“भाऊ, हा आकडा मशीनला विचारून येत नाही. आम्हीच लावतो. हे बारके जंपर आहेत ना, इथलं काढून तिथं घालायचं. बोला, नव्याण्णव करू?”

आतून पुष्पाबाई, म्हणजे भाऊंची बायको, कडाडल्या, “कोनाचं झंपर काढताय हो?”

त्यांची समजूत घालेपर्यंत अभिमनचा चहा गार झाला. पण भाऊंना नव्याण्णव नको होते. दुकानदाराच्या मर्जीतल्या आकड्यावर आपण गावभर मिरवलो, हे त्यांना फार लागलं.

“खरा वेग कसा मोजायचा?”

“एकच काम रोज करायचं, आणि वेळ बघायची.”

भाऊंच्या घरात वेळेवर होणारी गोष्ट एकच, भाकरी. पुष्पाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली की भाऊ बटण दाबत आणि विंडोज उघडलं की हाक मारत. पहिल्या दिवशी भाकरी फुगून टोपल्यात गेली, दुसरीही गेली, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ हलेना.

“याच्यापेक्षा तं मी लवकर चालू होते,” पुष्पाबाई म्हणाल्या.

भाऊ इरेला पेटले. अभिमनला विचारून विचारून त्यांनी कधीच न वापरलेले ढीगभर फॉन्ट काढले, सुरुवातीलाच आपोआप उघडणारे गेम बंद केले, मेमरी वाढवून घेतली. मग डिस्क आवरणारा प्रोग्राम लावला. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून सरकत जागेवर बसू लागले, तसे शेजारी गोळा झाले. म्हातारे तोताराम आबा दोन तास हलले नाहीत.

“हे तं घड रचनं शे,” ते म्हणाले. “आधी ट्रकमधी कसेबी फेकेल होते.”

इतकं सोपं अभिमनलाही कधी सांगता आलं नव्हतं.

सगळं झाल्यावर भाऊंनी गिरधरला निरोप धाडला, “तुझे नव्वद घेऊन ये.” गिरधर मॅटाडोरमधून आला. ओट्यावर दोन कॉम्प्युटर, मध्ये चूल आणि पंच म्हणून पुष्पाबाई. भाकरी पडली, बटणं दाबली. उलटायच्या आत भाऊंचं विंडोज उघडलं. गिरधरचं उघडलं तेव्हा भाकरीचा कोळसा झाला होता आणि पंचांनी त्याचा हिशेब गिरधरच्या ताटात केला.

गिरधर खट्टू झाला. भाऊंचं काळीज विरघळलं. “दे, तुझंही हलकं करतो.” अभिमनला विचारायचीही गरज वाटू नये, इतकी जीत त्यांच्या अंगात भिनली होती. फायली वाचत ते एका नावाशी थांबले.

“कमांड डॉट कॉम? हे काय ठेवलंस? तुझ्या घरी कमांड देते ती वहिनी!”

ओटा हसला. भाऊंनी फाईल उडवली. मशीन पुन्हा चालू केलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच बसली. भाऊंनी बटण दाबलं, डबा थोपटला, अंगारासुद्धा लावला.

“आता कसं वाटतं?” गिरधरने विचारलं.

“हलकं झालं रे,” भाऊ पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ डबा मांडीवर घेऊन एसटीने जळगावला गेले. अभिमनने उडवलेली फाईल परत घालून चहा संपायच्या आत डबा चालू केला. वर, गिरधरला डब्याच्या पुढच्या कुलपाची एक बारकी किल्ली दाखवली. ती फिरवली की कीबोर्ड बंद.

गिरधरने ती करदोट्याला बांधली. पुढे लीलाधरभाऊ फैजपूरला कधीही गेले, तरी गिरधर आधी कमरेशी चाचपून बघे आणि मगच चहा सांगे.