सुकट वाळवायची डिश

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं पोरांनी मीटर जाळलेले बघितल्यावर कुणाचाही होईल. रिटायर झाल्यावर डोंबिवलीच्या एका हौशी खगोलमंडळात शिरले आणि तिथे बातमी लागली, की बाळकुमला खाडीकाठी एका कोळी मावशींच्या अंगणात दहा फुटी जाळीची डिश पडलीय. उपग्रहावरचा टीव्ही नवानवा होता, त्या काळातली.

जाऊन बघतो तर डिशमध्ये सुकटीसाठी जवळा वाळत घातलेला! खाऱ्या वाऱ्याने जाळीला ताटाएवढाली भोकं पडलेली. मावशींच्या नवऱ्याने ती एका ऑफिसच्या भंगारातून उचलून आणलेली. हिच्यातून आकाशाचं ऐकू येतं, असं तो गल्लीभर सांगत सुटलेला. डिश कधी हूं की चूं बोलली नाही. माणूस गेला, तरी त्याची टिंगल काही थांबली नाही.

आम्हाला तिच्यावर सूर्य ऐकायचा होता. सूर्याकडून रेडिओ लहरी येतात, डिश त्या गोळा करते आणि जोडलेला मीटर किंचाळतो. भर दुपारी, शाळेच्या मैदानात दाखवायला झकास.

"न्या," मावशी म्हणाल्या, "पन पैली इथं वाजवा, समद्यांसमोर. माज्या मानसाला खोटा बोलतात." मग जाळीला हात लावून म्हणाल्या, "आनि भोकं मी बुजवते. तुमाला काय येतंय?"

पुढच्या आठवड्यात गेलो, तर डिश नव्यासारखी. सगळी भोकं विणून बंद, वरून चंदेरी रंग. काय त्या एकसारख्या गाठी! मी तोंड भरून कौतुक केलं.

रविवारी अख्खी गल्ली जमली. डिश सूर्याकडे वळवली. मीटर नुसता कुरकुरला. खाडीकडे वळवली, तरी तेवढाच कुरकुरला. मी रिसीव्हर बदलला, वायर बदलली, बॅटरीला शिव्या घातल्या, मंडळाच्या सेक्रेटरींना उगाच झापलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आता जवला घाला परत." सगळे खो खो हसले. मावशी घरात निघून गेल्या.

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! गल्ली पांगल्यावर मल्टिमीटर काढला आणि वीज वाहते का बघायला विणलेल्या भागाला लावला. काटा ढिम्म. रंग खरवडला, तर आत नायलॉन! मावशींनी मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने डिश विणलेली. त्यातून मासा सुटला नसता, पण रेडिओ लहरी आरपार जात होत्या आणि मागून जमिनीची खरखर आत येत होती. चूक मावशींची कसली, माझीच. धातू पाहिजे एवढं सांगायला माझं काय जात होतं? स्वतःच्याच दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून तांब्याची तार आणली. मावशींनी नायलॉन उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतलं. "सुतासारी वलत नाय मेली," म्हणत बोटं चिरून घेतली. मी तिकडचं टोक धरून बसायचे आणि वर त्यांचीच बोलणी खायचे.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे आले, हसायच्या तयारीनेच. डिश सूर्यावर आली आणि मीटर असा किंचाळला की पहिल्या रांगेतल्या बाईने कान झाकले. बाजूला वळवली, आवाज उतरला. पुन्हा सूर्य, पुन्हा किंचाळी. मावशींनी आम्हाला तीनदा तेच करायला लावलं.

मी तर आनंदाने रडायचीच बाकी होते. म्हटलं, "मावशी, जिंकलात! आता हसू देत कुणाला."

मावशी डिशकडेच बघत होत्या.

"हे लोक हसलं त्याचा माज्या मानसाला काय नवतं गो बाय," त्या म्हणाल्या. "मी पन हसलेली."